दफनभूमीचा गडगा

कोकणाबाहेरच्या वाचकांना ‘गडगा’ हा शब्द कदाचित ठाऊक नसेल. शेताच्या, बागेच्या किंवा घराच्या आवाराच्या हद्दीवर दगडावर दगड रचून उभी केलेली, चुना वा सिमेंट न वापरलेली बुटकी भिंत म्हणजे गडगा. सावंतवाडी, वेंगुर्ले, कुडाळ, मालवण या तालुक्यांतून फिरताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तो आपल्याला सोबत करीत असतो. पावसाळ्यात त्याच्यावर शेवाळ चढते, फटींतून नेचे डोकावतात. उन्हाळ्यात तो काळपट, कोरडा होऊन पडून राहतो. तो इतका नित्याचा आहे की त्याच्याकडे कुणी मुद्दाम पाहत नाही. मीही कित्येक वर्षे पाहिले नव्हते. एका गडग्याने मला उतारवयाच्या उंबरठ्यावर जे शिकवले, ते सांगण्यासाठी आज लेखणी हाती घेतली आहे. त्यात माझ्या एका चुकीची कबुलीही आहे. पापनिवेदन ऐकण्याची सवय झालेल्या माणसाला स्वतःची चूक छापून देणे अवघड जाते. पण ज्यांनी ती निभावून नेली, त्यांचे ऋण मान्य करायचे तर दुसरा मार्ग नाही.

आमचे घर डोंगराच्या पायथ्याशी. घरामागे थोडी भातशेती आणि वर काजूची लहानशी बाग. दिवाळी उलटून भात घरात आले की वडील गडग्याच्या कामाला लागत. पावसाने, गुरांनी, रानडुकरांनी जिथे जिथे दगड पाडलेले असत, तिथे ते एकेक दगड उचलून पुन्हा जागच्या जागी बसवीत. आम्हा भावंडांकडे काम असे ते कपच्या गोळा करण्याचे. कपच्या म्हणजे दगडाचे बारके तुकडे. मोठे दगड वडिलांनी लावायचे आणि त्यांच्या मधल्या पोकळ्या आम्ही कपच्यांनी भरायच्या. हे काम मला मुळीच आवडत नसे. बोटे सोलवटत, विंचवाची भीती वाटे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच करायचे हे ठाऊक असे. ज्यांना सिमेंट परवडत नाही त्यांची ही भिंत, असे मी मनाशी ठरवून टाकले होते. दहावीनंतर मी सेमिनरीत गेलो. पुण्यास तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो, थोडीफार लॅटिनही शिकलो. गडगा घालण्याची विद्या मात्र वडिलांबरोबरच मातीआड झाली.

सन २०१६ मध्ये माझी नेमणूक सिंधुदुर्गातील एका जुन्या धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू म्हणून झाली. चर्च टुमदार होते. मागे उतारावर दफनभूमी होती आणि तिच्या वरच्या अंगाला एक जुनाट गडगा. गडग्यापलीकडे एका शेजाऱ्यांची काजूची बाग. त्या बागेची जमीन आमच्या दफनभूमीपेक्षा तीनेक फूट उंच, म्हणजे तो गडगा केवळ हद्द दाखवीत नव्हता, वरची मातीही अडवून धरीत होता. दोन ठिकाणी त्याला पोट सुटले होते, एका ठिकाणी दगड घसरले होते. कुत्री आत शिरत.

नव्या धर्मग्रामात आलेल्या धर्मगुरूच्या अंगी एक उत्साह असतो. आपल्या हातून काहीतरी दिसण्याजोगे घडावे, अशी एक सुप्त इच्छा असते. तिला आम्ही पुष्कळदा सेवाभाव हे नाव देतो. मी पॅरिश कौन्सिलपुढे प्रस्ताव ठेवला की गडगा काढून त्या जागी चिऱ्यांची, सिमेंटमध्ये बांधलेली, गिलावा केलेली पांढरीशुभ्र भिंत बांधावी. आपल्या प्रियजनांच्या विसाव्याच्या जागेला शोभा यावी, असे मी म्हणालो. भाविकांनी उदार हाताने वर्गणी दिली. मुंबईला आणि आखातात असलेल्या मुलांनीही पैसे पाठवले.

त्या वेळी दोन माणसांनी मला सावध केले. पहिले म्हणजे आबा. सारा गाव त्यांना आबा म्हणतो, मीही तेच म्हणत असे. त्यांचे वय तेव्हा पंचाहत्तरीपुढे होते. तरुणपणी पंचक्रोशीतले निम्मे गडगे त्यांच्या हातून गेलेले. एके रविवारी मिस्सानंतर ते सावकाश माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “फादरानू, भिंत बांधतास ती बरी गोष्ट. पण वरचा पाणी खंयसून जातला?” मी हसून म्हणालो, “आबा, आता सिमेंटचा जमाना आहे.” ते उत्तर नव्हते, हे आम्हा दोघांनाही कळत होते. पण धर्मगुरूच्या बोलण्यावर आणखी बोलायचे नाही, या जुन्या वळणाचे ते गृहस्थ. ‘बरा’ म्हणून निघून गेले.

दुसरा माणूस म्हणजे खुद्द कंत्राटदार. तो तरुण होता, नुकताच धंद्यात पडलेला. त्याने सांगितले की, भिंतीत ठरावीक अंतरावर पाइपाचे तुकडे घालून भोके ठेवावीत, मागे खडीचा भर द्यावा, म्हणजे पाणी निथळून जाईल. मी विचारले, त्या भोकांतून तांबडे पाणी येऊन भिंत खराब दिसणार नाही का? तो म्हणाला, डाग तर पडणारच. खडीचा खर्चही वाढणार होता. मी त्याला भोके न ठेवण्यास सांगितले. २०१७ च्या मे महिन्यात भिंत पूर्ण झाली. त्या वर्षीच्या २ नोव्हेंबरला, सर्व मृतात्म्यांच्या दिवशी, मेणबत्त्यांच्या उजेडात ती फारच सुंदर दिसली. पुष्कळांनी माझे अभिनंदन केले आणि मी ते स्वीकारले.

भिंतीने दोन पावसाळे काढले. २०१९ च्या जुलैत कोकणात पावसाने कहर केला. एका रात्री दोनच्या सुमारास एखादा भरलेला ट्रक उलटावा तसा आवाज झाला. कंदील आणि छत्री घेऊन धावलो. भिंतीचा सुमारे चाळीस फुटांचा तुकडा, एखादे दार उघडावे तसा, अखंड खाली आडवा झाला होता. त्याखाली सहा थडगी गेली होती. सकाळी ढिगारा उपसल्यावर दिसले की त्यांतील एक आबांच्या पत्नीचे होते. क्रूस मधोमध मोडला होता.

आबा आले. टोपी काढून बराच वेळ उभे राहिले. माझ्याकडे पाहून त्यांनी एवढेच म्हटले, “पाण्याक वाट नाय हुती. इतक्याच.” त्यांच्या शब्दांत रागाचा लवलेश नव्हता. तो असता तर मला सोपे गेले असते.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती भिंत पडण्याहून वाईट आहे. त्या आठवड्यात लोक जमले. कंत्राटदाराने माल हलका वापरला, सिमेंट खाल्ले, असे कुणीतरी म्हणाले. दुसऱ्याने दुजोरा दिला. मी तिथेच उभा होतो. ‘पाणी जाण्याची सोय मीच काढून टाकायला लावली’ हे एक वाक्य मी उच्चारायला हवे होते. मी उच्चारले नाही. खोटे बोललो नाही, केवळ गप्प राहिलो, आणि त्या गप्प राहण्याला मी मनातल्या मनात विवेक म्हटले.

*

भिंत का पडली, हे समजून घेण्यासाठी मला नंतर पुस्तके चाळावी लागली; आबांना ते जन्मतः ठाऊक होते. सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच. उतारावर मुरलेले पाणी जमिनीतून खाली सरकत असते. त्याच्या वाटेत सलग, बिनफटीची भिंत आली की ते तिच्यामागे साठते. साठलेले पाणी ओझ्यासारखे वरून दाबत नाही, ते बाजूने ढकलते, आणि खोली वाढेल तसा हा रेटा वाढत जातो. भिंतीमागे एक मीटर खोल पाणी साठले, तर ते भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे ५०० किलो वजनाइतक्या जोराने रेटा देते. भिजून जड झालेल्या मातीचा रेटा आणखी वेगळा. आमची भिंत कच्ची नव्हती. उलट ती इतकी पक्की होती की पाण्याला तिने एक थेंबभर वाट दिली नाही, आणि म्हणूनच ती अखंड उलटली.

गडगा पाण्याशी भांडत नाही. त्याच्या प्रत्येक फटीतून पाणी झिरपते, मागे साठतच नाही. जमीन थोडी खचली, झाडाचे मूळ आत आले, तर तो किंचित हलतो, वाकतो, पुन्हा बसतो. फार ताण आला तर एखाद्या ठिकाणी चार दगड पाडतो. तेवढे उचलून लावले की झाले. सिमेंटची भिंत एकदाच पडते आणि मग तिचा केवळ राडारोडा उरतो. गडग्याचे दगड मात्र पडल्यावरही दगडच राहतात.

आमच्या भागात हे दगड बहुधा जांभ्याचे असतात. जांभा जमिनीत असतो तेव्हा मऊ असतो, उघड्यावर हवेत आला की कठीण होत जातो. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या स्कॉटिश संशोधकाने मलबारात लोक हा दगड विटांसारखा कापून वापरतात हे पाहिले आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘लातेर’ म्हणजे वीट. सेमिनरीत हा शब्द मी पाठ केला होता. तो ज्या दगडाला मिळाला त्या दगडावर मी लहानपणी बोटे सोलवटून घेतली होती. पण या दोन गोष्टींची गाठ माझ्या डोक्यात पडायला पन्नाशी जवळ यावी लागली.

*

दिवाळी झाल्यावर मी आबांच्या घरी गेलो. “आबा, पुन्हा गडगाच घालायचा आहे. तुम्ही शिकवाल का?” असे विचारले. त्यांनी काही वेळ आपल्या हातांकडे पाहिले. संधिवाताने बोटे वाकडी झाली होती. म्हणाले, “माझ्यान दगड उचलणा नाय. पण बसान सांगान.”

असे आमचे काम सुरू झाले. आबा फणसाखाली खुर्ची टाकून बसत. कामाला धर्मग्रामातील सात-आठ तरुण, दोन शाळकरी मुले आणि मी. पहिले तीन दिवस आबांनी आम्हाला एकही दगड लावू दिला नाही. आधी सिमेंटचे ढेकूळ बाजूला काढायचे, मग चिऱ्याला चिकटलेले सिमेंट जिथे निघेल तिथे छिन्नीने काढायचे, मग जुन्या गडग्याचे जे दगड आम्ही दोन वर्षांपूर्वी चर्चमागच्या खड्ड्यात फेकून दिले होते ते वर आणायचे. हे सारे दगड गवतावर मांडायचे. मोठे जवळ, त्यापुढे मध्यम, मग लहान, आणि कपच्यांचा ढीग वेगळा. लांबट दगड निराळे काढून ठेवायचे. मांडून झाल्यावर आबा काठी टेकत त्यांच्यामधून फिरून आले. हे सगळे दगड त्यांना डोळ्यांनी एकदा ओळखून घ्यायचे होते.

मग पाया. माती उकरून घट्ट जमीन लागेपर्यंत खाली गेलो. तळाला सर्वांत मोठे दगड, दोन रांगांत, मध्ये कपच्यांचा भर. दगडाची लांबी भिंतीच्या पोटात जायला हवी, तोंडावर नव्हे. नवशिका नेमके उलटे करतो. लांब बाजू दर्शनी लावली की काम भराभर पुढे सरकते आणि भिंत देखणी दिसते, पण तो दगड जेमतेम चार बोटे आत रुतलेला असतो आणि पहिल्याच धक्क्याला बाहेर येतो. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा दगड मधोमध बसला पाहिजे. सांध्यावर सांधा आला की तिथे वरपासून खालपर्यंत चीर पडते. गवंडी याला सांधमोड म्हणतात. दोन्ही बाजू वर जाताना किंचित आत कललेल्या हव्यात, म्हणजे दोन्ही तोंडे एकमेकांवर रेलतात. मधला भर नुसता ओतायचा नाही, एकेक कपची हाताने दाबून बसवायची. सर्वांत वर पुन्हा जड दगड, खालच्यांना जागेवर धरून ठेवण्यासाठी.

“एकदा उचललेलो दगड परत खाली ठेवूचो नाय,” हा आबांचा नियम. आम्ही दगड उचलीत असू, लावून पाहत असू, बसत नाही म्हणून टाकून देत असू. ते म्हणत, आधी जागा बघा, मग दगड बघा, मग उचला. “दगडाक इचारा, तेका खंय बसूचा आसा.” मी हे थट्टेवारी नेले. पण आठवडाभराने माझ्याच लक्षात आले की मी रिकाम्या जागेकडे पाहून मागे वळतो आणि पन्नास दगडांतून नेमका एक डोळ्यांत भरतो. निरुपयोगी दगड जवळजवळ नव्हताच. जो कुठेच बसत नव्हता, तो फोडून भरात गेला, आणि भर नसता तर बाकीचे उभे राहिले नसते.

मध्यावर आल्यावर आबांनी ते बाजूला काढलेले लांबट दगड मागितले. दर चार-पाच फुटांवर असा एक दगड आडवा टाकायचा, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार. मी विचारले, हा कशासाठी? आबा म्हणाले, हा नसला तर दोन्ही भिंती आपापल्या वाटेने जातात, मधला भर खाली बसतो, पोट सुटते आणि मग गडगा फुटतो.

हे ऐकले आणि माझ्या हातातले काम थांबले. मी पुण्यास शिकत असताना, ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. आम्हा काही ब्रदर लोकांना मदतीसाठी पाठवण्यात आले होते. त्या गावांतील घरांच्या दगडामातीच्या भिंती चांगल्या दोन-अडीच फूट जाडीच्या होत्या. इतक्या जाड भिंती पडल्या कशा, हे कोडे तेव्हा मला सुटले नव्हते. पुढे अभियंत्यांनी सांगितले, त्या भिंतींना दोन तोंडे होती, मध्ये दगडगोट्यांचा भर होता, पण दोन्ही तोंडांना धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हादरा बसताच एक तोंड आत पडले, एक बाहेर, आणि वरचे मातीचे जड धाबे झोपलेल्या माणसांवर आले. पुनर्बांधणीच्या वेळी उभ्या राहिलेल्या घरांच्या भिंतींतही असे आरपार सांधे घालून घेण्याचा सल्ला देण्यात आला. फणसाखाली बसलेला, चौथीपर्यंत शिकलेला एक म्हातारा मला तेच सांगत होता.

*

कामाच्या दुसऱ्या आठवड्यात गडग्यापलीकडचे शेजारी आले. ते हिंदू, आमच्याशी त्यांचे संबंध बेताचेच. भिंत बांधताना मी त्यांना विचारले नव्हते, नुसते कळवले होते. भिंतीमागे पाणी तुंबून त्यांचीही काजूची चार झाडे मेली, हे मला त्या दिवशी प्रथम समजले. ते भांडायला आले असावेत अशी मी मनाची तयारी केली. त्यांनी गडगा पाहिला, आबांना रामराम केला, आणि म्हणाले, “आमच्या अंगाचो गडगो आमीच घालतलो. माझ्या बापाशीन असोच घातललो.” दुसऱ्या दिवसापासून ते आणि त्यांचा मुलगा वरच्या बाजूने काम करू लागले. गडग्याला दोन तोंडे असतात आणि ती एकाच वेळी वर न्यावी लागतात, म्हणजे आम्ही समोरासमोर उभे राहून दिवसभर काम करीत होतो. आरपार दगड टाकायची वेळ आली की एक टोक त्यांनी धरायचे, एक आम्ही. संत पौलाने इफिसकरांना लिहिताना वैराची आडभिंत ख्रिस्ताने पाडली असे म्हटले आहे. त्या वचनावर मी अनेक प्रवचने केली आहेत. एखादी भिंत दोघांनी मिळून बांधल्यानेही वैर जाते, हे मी कधी बोललो नव्हतो, कारण मला ते माहीत नव्हते.

एके दिवशी दुपारी एका मुलाने दगड उचलला आणि खाली फुरसे निघाले. कोकणात फुरशाची भीती सर्वांना आहे. आबांनी सगळ्यांना मागे सारले, काठीने वाट दाखवून त्याला बागेकडे जाऊ दिले. भिंत फोडणाऱ्यास साप डसेल, असे उपदेशकाच्या पुस्तकात आहे. ज्याने ते लिहिले त्याने गडगा जवळून पाहिलेला असणार. साप, सरडे, पाली, मुंगूस, गांधीलमाशा, नेचे, शेवाळ अशा कित्येकांचे घर या फटींत असते. आमच्या पांढऱ्या भिंतीत कुणाचेच घर नव्हते.

पवित्र शास्त्रात अशा भिंती पानोपानी भेटतात. यशया संदेष्ट्याच्या गीतातील द्राक्षमळ्याला आणि प्रभू येशूच्या दृष्टांतातील मळ्याला कुंपण आहे. त्या देशातील डोंगरउतारांवर आजही बिनचुन्याच्या दगडी बांधांवर मळे टेकलेले असतात. बेथलेहेमजवळच्या बत्तीर गावाचे असे मळे २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवले. पुढे २०१८ साली ग्रीस, इटली, फ्रान्स, स्पेन आदी आठ देशांतील ही कोरड्या दगडी भिंतीची कलाच युनेस्कोच्या वारसायादीत आली, आणि २०२४ साली आयर्लंडसह आणखी पाच देश तीत सामील झाले. आपला गडगा त्या यादीत नाही. आबांना त्याचे सुखदुःख नव्हते.

पण मला सर्वांत जवळचा वाटला तो नहेम्याच्या पुस्तकातील तिसरा अध्याय. सेमिनरीत आम्ही तो भराभर उलटत असू, कारण त्यात केवळ नावांची जंत्री आहे. जेरुसलेमची पडलेली भिंत कुणी कुणी दुरुस्त केली त्याची ती यादी. सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये बनवणारे आहेत, एका अधिकाऱ्याच्या मुली आहेत. पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा तुकडा उचलला आहे. काही प्रतिष्ठितांनी मात्र खांदा दिला नाही, हेही तिथे स्पष्ट नमूद आहे. आणि यादीत पहिले नाव महायाजकाचे आहे. त्या अध्यायात उपदेश असा नाहीच, कुणी कोणता तुकडा दुरुस्त केला एवढेच आहे. माझ्या वाट्याचा तुकडा अजून पडलेलाच होता.

*

गडगा फेब्रुवारी २०२० मध्ये पूर्ण झाला. मोडलेले क्रूस नवे केले. राखेचा बुधवार त्या वर्षी २६ फेब्रुवारीला होता. त्याआधीच्या गुरुवारी मी कंत्राटदाराकडे गेलो. त्याला सारे सांगितले आणि क्षमा मागितली. त्याने चहा दिला. मग म्हणाला, “फादर, तुम्ही तेव्हाच एकदा सांगितलं असतं तर बरं झालं असतं. माझी दोन कामं गेली. एक घराचं आणि एक शाळेच्या कुंपणाचं. लोक म्हणाले, चर्चचं काम ज्याने असं केलं तो आमचं काय करणार.” तो रागावून बोलला नाही, पण ‘असू द्या फादर’ असेही म्हणाला नाही. मी त्याला त्याबद्दल दोष देत नाही.

आपली धर्ममाता आपल्याला शिकवते की पापक्षमेने पाप जाते, पण पापाने केलेली नासधूस आपोआप भरून निघत नाही. ती भरून काढणे हे प्रायश्चित्ताचे अंग आहे. हे मी धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना किती वेळा शिकवले असेल! तीन ‘नमो मारिया’ सांगून मी लोकांना पाठवीत आलो. एखाद्याचे गेलेले काम किती ‘नमो मारियां’नी परत येते, हा प्रश्न मला त्या दिवशी प्रथमच पडला.

येत्या रविवारी मिस्सात प्रवचनाच्या वेळी मी मंचावरून खाली उतरलो आणि घडले ते सांगितले. पाण्याची सोय कुणी काढायला लावली, का लावली, आणि त्यानंतर सात महिने कोण गप्प राहिले. माझे बोलणे जेमतेम चार मिनिटांचे झाले. चर्चमध्ये कुणी हलले नाही. मिस्सानंतर लोक नेहमीसारखे भेटले, काहींनी टाळले. वर्गणी देणाऱ्या एका गृहस्थांनी मला नंतर पत्र पाठवले, त्यात त्यांचा राग होता आणि तो रास्त होता. भिंतीसाठी वाया गेलेल्या पैशांतील मला शक्य होता तेवढा भाग मी हप्त्याहप्त्याने चर्चच्या निधीत भरला. कंत्राटदारासाठी मी दोन-तीन ठिकाणी शब्द टाकला. त्याला पुढे कामे मिळाली, ती माझ्या शब्दाने की त्याच्या गुणाने, मला सांगता येणार नाही. गडगा घालताना असे होतेच: काही कपच्या मातीत हरवतात, त्या पुन्हा सापडत नाहीत, दुसऱ्या आणून भर घालावी लागते.

त्या रविवारी आबा सर्वांत शेवटी आले. काठीवर भार देऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बरा झाला, फादरानू. आता पोटातला पाणी भायर गेला.”

महिन्याभरात टाळेबंदी आली, चर्चची दारे बंद झाली, आणि त्या गडग्याशेजारी मोजक्या माणसांच्या साक्षीने काही जणांना मूठमाती द्यावी लागली. २०२२ साली माझी बदली झाली.

गेल्या वर्षी ऐन पावसाळ्यात आबा प्रभूघरी गेले. निरोप मिळताच मी गेलो. पाऊस धो धो कोसळत होता. पत्नीच्या शेजारी त्यांची कबर खणली होती. प्रार्थना चालू असताना माझी नजर गडग्याकडे गेली. चाळीस फुटांच्या त्या भागात सर्वत्र, दगडादगडांच्या मधून, पाणी झिरपत होते. माती मागेच राहत होती, पाणी स्वच्छ उतरून पायथ्याच्या चरातून निघून जात होते. डावीकडे, मी माझ्या हातांनी लावलेल्या भागात, काही दगड नव्याने बसवलेले दिसले. विधी संपल्यावर आबांच्या नातवाला विचारले. तो किंचित संकोचला. “मागच्या पावसात तिथे पोट सुटलं होतं, फादर. तुमचे दोन दगड लांबीने तोंडावर बसले होते. मी आणि वरच्या काकांच्या मुलाने मिळून काढून परत लावले.”

“आबांनी सांगितलं का?”

“नाही. आम्हालाच दिसलं.”

मी गडग्यापाशी जाऊन त्या दगडांवर हात ठेवला. ते आता आत घट्ट रुतलेले होते. मुलगा छत्री धरून माझ्याशेजारी थांबला होता. पाऊस कमी होईना, तसे आम्ही दोघे चर्चकडे निघालो.